वीज नसलेल्या शेतघरासाठी सूर्यचूल: पेटी घ्यावी, डिश घ्यावी की पॅनेलवर शेगडी चालवावी?

माणदेशी_माळ

सर्वांना नमस्कार.

माण तालुक्यात, दहिवडीपासून बरीच आत, आमची माळावरची शेती आहे. तेथे दोन खोल्यांचे शेतघर असून आई आणि चुलते दिवाळी झाली की तेथे मुक्कामाला जातात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तेथेच राहतात. विजेची तार अजून तेथवर आलेली नाही. विहिरीवर तीन अश्वशक्तीचा सौर पंप आहे, तेवढीच काय ती वीज. स्वयंपाक काही गॅसवर आणि काही चुलीवर होतो. परंतु गॅसची टाकी गावातून मोटारसायकलवर आणून ओढ्यापासून पुढे खांद्यावर न्यावी लागते आणि चुलते आता सत्तरीत आहेत. आईला धुराने खोकल्याची उबळ येते. तिने चुलीपुढे बसू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

आमच्याकडे ऊन मात्र भरपूर आहे, त्यामुळे सूर्यचूल घ्यावी असे मनात आहे. चौकोनी पेटी, मोठी डिश, काचेच्या नळीची लहान भट्टी असे प्रकार पाहिले, आणि प्रत्येक विक्रेता आपल्याच वस्तूत सर्व काही शिजते असे सांगतो. आमचे रोजचे जेवण म्हणजे वरण, भात, एखादी उसळ किंवा भाजी आणि बाजरीची अथवा ज्वारीची भाकरी. एरवी दोन माणसे असतात; खुरपणी-काढणीच्या दिवसांत पाच-सहा होतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पेटीत रोजचे जेवण खरोखर होते का, की ती हौसेपुरतीच असते? पंपाच्या पॅनेलवर इंडक्शन शेगडी चालवता येईल का? आणि माझा चुलतभाऊ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतो, त्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर, नेता येईल अशी हलकी सूर्यचूल मिळते का? ज्यांनी ही साधने स्वतः वापरली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

ऊनसावली

नमस्कार. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे आणि आमच्या घरी पेटीची सूर्यचूल अनेक वर्षे रोजच्या वापरात आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. वरण, भात आणि उसळ पेटीत रोज होते, अगदी निर्धास्तपणे होते. भाकरी आणि फोडणी होत नाही. हे आधीच मान्य करून पेटी घेतली तर ती वापरात राहते. सर्व स्वयंपाक तिच्यावरच करायचा अशा अपेक्षेने घेतलेली पेटी काही महिन्यांत माळ्यावर जाते.

पेटीची रचना साधी आहे. आत काळा रंग दिलेले ॲल्युमिनियमचे तसराळे असते, त्याच्या खाली आणि बाजूंना उष्णता अडवणाऱ्या काचलोकरीचा थर असतो, वर दोन काचांचे झाकण असते आणि त्यावर आरसा लावलेले दुसरे झाकण असते. ऊन काचेतून आत येते, काळ्या पृष्ठभागावर त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता ज्या किरणांच्या रूपाने बाहेर पडू पाहते ते किरण काच सहसा जाऊ देत नाही. हे तत्त्व जुने आहे. ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञाने 1767 मध्ये काचेचे थर असलेली अशी पेटी करून पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापमान मिळवले होते. आपल्या मुंबईतही 1870 च्या दशकात विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांची चूल तयार करून ऐन जानेवारीत सात सैनिकांचे मांस आणि भाज्यांचे जेवण दोन तासांत शिजवले होते. तेव्हा आपल्या उन्हात अन्न शिजते का, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. आपल्याला फक्त घरच्या वेळापत्रकाचा प्रश्न सोडवायचा आहे.

त्यासाठी थोडा हिशेब मांडते. घरगुती पेटीच्या काचेचे क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर असते. स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर 800 ते 900 वॅट इतके ऊन पडते, म्हणजे काचेवर दोनशे वॅटच्या आसपास. आरसा त्यात भर घालतो, परंतु गळतीही बरीच असते, आणि प्रत्यक्ष अन्नापर्यंत साठ-सत्तर वॅट पोहोचले तर पेटी चांगली समजावी. भांड्यांमध्ये मिळून दीड लिटर पाणी धरले तर ते 30 अंशांवरून 100 अंशांवर नेण्यास सुमारे 440 किलोज्यूल लागतात आणि 70 वॅटच्या हिशेबाने त्याला पावणेदोन तास लागतात. एकदा तेथवर पोहोचल्यावर मात्र अन्न शिजत राहण्यास फार उष्णता लागत नाही, गळतीपुरती भरपाई झाली की पुरते. पेटीतील स्वयंपाकाचे सगळे मर्म यातच आहे: पाणी जितके कमी, तितके जेवण लवकर. गॅसवर आपण डाळीत हात सैल सोडून पाणी घालतो, कारण ते उडून जाणार असते. पेटीत वाफ फारशी बाहेर जात नाही, त्यामुळे डाळ शिजण्यापुरतेच पाणी घालावे आणि वरण पातळ करायचे ते नंतर, गरम पाण्याने.

तुमच्या आईंसाठी वेळापत्रक असे ठेवता येईल. तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजवून, हळद आणि हिंग घालून, साडेनऊच्या सुमारास पेटीत ठेवावी. तिला दोन ते अडीच तास लागतात. मोड आलेली मटकी साधारण तेवढ्याच वेळात होते. तांदूळ अकराला ठेवला तरी साडेबारापर्यंत मोकळा भात होतो. हरभरे आणि राजमा यांना रात्रभर भिजवूनही तीन तासांपेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो, म्हणून ते सर्वांत आधी आत जावेत. बटाटे आणि रताळी पाण्याविना, नुसती झाकणाच्या डब्यात ठेवली तरी उत्तम शिजतात, आणि रताळ्याचा गोडवा पाण्यात उकडलेल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. शेंगदाणे एका थरात पसरून ठेवले तर ते हळूहळू असे खरपूस होतात की कूट करताना हातात फोल सुटते. मध्ये उठून ढवळावे लागत नाही, खाली लागत नाही, उतू जात नाही. तुमच्या आईंना त्या वेळात दुसरे काम करता येईल किंवा स्वस्थ बसता येईल, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

डब्यांबद्दल सांगते. ते ॲल्युमिनियमचे, उथळ, बाहेरून आणि झाकणावरून काळा मॅट रंग दिलेले असावेत. चकचकीत स्टीलचे भांडे ऊन परत फेकते. नवीन रंग दिलेले डबे एक-दोन दिवस रिकामेच पेटीत तापवावेत, म्हणजे रंगाचा वास निघून जातो. शिजत असताना झाकण उघडून पाहण्याची सवय मात्र सोडावी लागते, कारण प्रत्येक वेळी आतली गरम हवा बाहेर जाते आणि काचेवर वाफ धरते.

आरशाबद्दलही सांगायला हवे, कारण तो बहुतेक ठिकाणी वर्षभर एकाच कोनात ठेवलेला दिसतो. तुमच्याकडे डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 49 अंशांवर असतो, तर मेच्या मध्यावर तो जवळजवळ डोक्यावर येतो. हिवाळ्यात आरसा काचेशी काटकोनाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ उभा ठेवावा. उन्हाळ्यात तो मागे कलवून 120 अंशांच्या आसपास न्यावा. कोनमापक शोधण्याची गरज नाही, आरशाचा कवडसा पूर्ण काचेवर पसरलेला दिसला की कोन बरोबर आहे. पेटी तासाभराने सूर्याकडे थोडी फिरवावी. स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडू लागली, म्हणजे सूर्य 45 अंशांच्या खाली गेला, की नवीन पदार्थ पेटीत ठेवू नये.

विकत घेताना भारतीय मानक आयएस 13429 ची खूण आहे का ते पाहावे. त्या मानकात रिकामी पेटी आरसा झाकून उन्हात ठेवतात आणि तिचा तळ बाहेरच्या हवेपेक्षा किती तापतो हे मोजतात; त्या वाढीला उन्हाच्या तीव्रतेने भागून आलेला आकडा वरच्या प्रतीच्या पेटीत किमान 0.12 असावा लागतो. म्हणजे 900 वॅटच्या उन्हात तळ हवेपेक्षा सुमारे 108 अंशांनी अधिक तापला पाहिजे. भट्टीत ठेवायचा साधा तापमापक मिळतो; हवा 30 अंश असताना रिकाम्या पेटीत तो 130 च्या पुढे गेला तर पेटी घ्यावी. शंभरापाशीच अडखळला तर काचेभोवतीचे रबर किंवा तळाची काचलोकर कमी आहे असे समजून दुसरी पेटी पाहावी.

---

साक्रीचा_रेक्टर

मी धुळे जिल्ह्यात एका निवासी शाळेच्या वसतिगृहाचे काम पाहतो. आमच्याकडे डिशच्या सूर्यचुली आहेत, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. ऊनसावली ताईंनी पेटीविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

डिशचे काम पेटीपेक्षा अगदी निराळे आहे. एसके-14 या नावाने ओळखली जाणारी, मुळात जर्मनीत विकसित झालेली आणि भारतात बरीच पसरलेली डिश 1.4 मीटर व्यासाची असते. तिच्या आतील चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ऊन भांड्याच्या बुडाशी एकवटतात आणि तेथील तापमान 300 अंशांच्या वर जाते. भांड्याला सहाशे वॅटच्या आसपास उष्णता मिळते, म्हणजे प्रेशर कुकर लावता येतो, फोडणी देता येते, तळताही येते. दहा-पंधरा माणसांचे वरण-भात तिच्यावर सहज होते.

परंतु त्यासाठी माणूस जवळ लागतो. डिश दर पंधरा-वीस मिनिटांनी फिरवावी लागते, नाहीतर प्रकाशाचा ठिपका भांड्यावरून सरकतो. पेटी ढगाळ उजेडातही थोडी तापते. डिशला थेट ऊनच लागते, आणि सूर्यावरून पातळ ढग गेला तरी कुकरची शिटी थांबते. काळा चष्मा घातल्याशिवाय कोणी डिशसमोर वाकू नये, आणि काम झाले की ती कापडाने झाकून ठेवावी. उघडी राहिलेली डिश सूर्य सरकेल तसा तो ठिपका कोठेही नेऊन टाकते. जवळ कडब्याची गंजी असेल तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. माळावरचा वाराही लक्षात घ्या. आम्ही पायाच्या चौकटीवर दगड ठेवतो आणि वारा वाढला की डिश पालथी करतो.

भाकरीचे विचाराल तर डिशवर तवा ठेवता येतो, पण बुडाच्या मधल्या भागातच सगळी उष्णता साचते. भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते, शिवाय थापलेली भाकरी तव्यावर टाकताना उन्हात, चकाकीसमोर उभे राहावे लागते. आमच्या स्वयंपाकीण मावशींनी हे करून पाहिले आणि भाकरीसाठी त्या गॅसकडेच परतल्या. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते.

मोठ्या संस्थांची गोष्ट वेगळी आहे. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 पासून शेफलर पद्धतीच्या 73 मोठ्या डिश बसवलेल्या आहेत. त्या स्वयंचलितपणे सूर्यामागे फिरतात आणि त्यांच्यावर तयार होणाऱ्या वाफेवर हजारो भाविकांचे जेवण शिजते. त्या यशावरून घरगुती डिशबद्दल अंदाज बांधू नये, कारण तेथे देखभालीसाठी स्वतंत्र माणसे असतात. दोन वयस्कर माणसांच्या घरी मी डिश सुचवणार नाही. काढणीच्या दिवसांत पाच-सहा माणसे होतात म्हणून मोठे साधन घेण्याऐवजी दोन पेट्या घ्याव्यात: एकीत डाळ आणि उसळ, दुसरीत भात आणि बटाटे. एरवी एकच उघडावी.

---

तारतंत्री

पंपाच्या पॅनेलविषयी लिहितो, कारण हा प्रश्न अलीकडे बरेच शेतकरी विचारतात आणि काही ठिकाणी लोक स्वतःच तारा जोडून मोकळे होतात. कृपया तसे करू नका.

तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण 3000 वॅटची पॅनेल असतात, त्यामुळे कागदावर शेगडीपुरती वीज भरपूर दिसते. पण ही पॅनेल एकापुढे एक जोडलेली असल्याने त्यांचा दाब काहीशे व्होल्ट आणि प्रवाह एकदिश (डीसी) असतो, आणि इंडक्शन शेगडीला 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह लागतो. पंपाचा कंट्रोलर जो प्रवाह देतो त्याची वारंवारता उन्हाप्रमाणे बदलते. ती मोटारीसाठी योग्य आहे, शेगडीसाठी नाही. एकदिश प्रवाहाचा धोका असा की जोड सैल होऊन ठिणगी पडली तर ती आपोआप विझत नाही. घरगुती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तेथील ठिणगी तुटते, पॅनेलच्या तारेत तसे घडत नाही. आग लागते ती येथूनच. शिवाय पंप योजनेतून मिळाला असेल तर परस्पर फेरफार केल्याने त्याची हमी जाण्याची शक्यता असते. पंपाबरोबरच कडबाकुट्टी, पिठाची गिरणी अशी इतर यंत्रे चालवू देणारे युनिव्हर्सल कंट्रोलर असतात. तुमच्याकडचा तसा आहे का, हे पंप बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडून पाहून घ्यावे. तसा असला तरीही तो दिवसाच्या उन्हाचाच उपयोग आहे, रात्रीच्या जेवणाला बॅटरी लागणारच.

विजेवरचा स्वयंपाक माळावर होऊच शकत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील बांचा या गावी 74 घरांमध्ये आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या सौर इंडक्शन संचांवर स्वयंपाक सुरू झाला आणि ते गाव देशभर चर्चेत आले. इंडियन ऑइलने 2022 मध्ये 'सूर्य नूतन' ही घरात ठेवायची शेगडी पुढे आणली. तिचे पॅनेल बाहेर उन्हात असते आणि उष्णता आत साठवली जाते. या दिशेने काम होत आहे ही आनंदाची गोष्ट आहे.

तुमच्या घरापुरता विचार केला तर दोन माणसांच्या दोन वेळच्या जेवणाला विजेचे साधारण एक युनिट लागेल. बारा व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या नेहमीच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत नावापुरते 1.8 युनिट असतात, पण ती अर्ध्यापेक्षा अधिक रिकामी करत राहिले तर लवकर निकामी होते. म्हणजे हाती येतात जेमतेम 0.9. त्यातच 1500 वॅटची शेगडी बारा व्होल्टवरून चालवायची म्हणजे सव्वाशे अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह. एवढ्या प्रवाहाला अंगठ्याएवढ्या जाड तारा लागतात आणि लहान इन्व्हर्टर तो पेलत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, चांगला इन्व्हर्टर आणि दोन मोठी पॅनेल एवढा संच घेतला तर काम होईल, पण त्याचा खर्च पेटीच्या कितीतरी पट असेल आणि काही बिघडले तर माळावर दुरुस्तीला माणूस मिळवणे कठीण. माझे मत असे की दिवे, पंखा आणि मोबाईल यांच्यासाठी लहान सौर संच ठेवावा आणि स्वयंपाकाची उष्णता शक्य तितकी थेट उन्हातून घ्यावी.

---

माणदेशी_माळ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले त्याबद्दल आभारी आहे. आईला ऊनसावली ताईंचा भाग वाचून दाखवला. तिचा पहिला प्रश्न होता की रताळी किती वेळात होतात.

पंपाला हात लावायचा नाही हे ठरले. पेटी घेण्याचेही जवळजवळ ठरले आहे. आता दोनच गोष्टी उरतात: सकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि भाकरी यांसाठी गॅस किती कमी करता येईल, आणि चुलतभावाच्या वाड्यासाठी काय करावे. त्याचे बिऱ्हाड घोड्यावर असते, त्यामुळे जड आणि काचेचे काही नको.

---

रानवाटा

मी मेंढपाळ कुटुंबांबरोबर काम केले आहे आणि डोंगरात फिरतानाही हलक्या सूर्यचुली वापरल्या आहेत, म्हणून वाड्यापुरते लिहितो.

वाड्याचा दिवस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच, पण साधन निवडताना तोच मुख्य मुद्दा ठरतो. ऊन चांगले तापते त्या वेळी पुरुष मेंढ्यांमागे असतात आणि बायका बिऱ्हाड आवरून पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर असतात. स्वयंपाक पहाटे आणि दिवेलागणीला होतो. म्हणजे चालत्या दिवसांत कोणतीही सूर्यचूल उपयोगाची नाही, मग ती कितीही हलकी असो. एखाद्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या की वाडा काही दिवस एके जागी राहतो. तेव्हा मात्र ती कामी येते.

त्यासाठी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे घडीचा पत्रा. पुठ्ठ्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद चिकटवलेला असतो, तो उलगडून पाकळ्यांसारखा उभा करायचा, मध्ये काळे भांडे ठेवायचे आणि भांड्यावर उष्णता सहन करणारी पारदर्शक पिशवी चढवायची. कुकिट या नावाचा हा प्रकार 1990 च्या दशकात तयार झाला आणि केनियातील काकुमा येथील निर्वासितांच्या छावणीत अनेक कुटुंबांनी वापरला. तो घडी करून खोगिराखाली जातो, फुटत नाही, आणि त्यात दोन-तीन माणसांचा भात किंवा डाळ तीनएक तासांत होते. ओल आणि वारा हे त्याचे शत्रू आहेत. पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लॅस्टिकचा पत्रा घेतला तर तो अधिक टिकतो.

काचेच्या नळीची भट्टी तुम्ही पाहिलीत ती दुहेरी काचेची असून मधली हवा काढलेली असते, जशी छतावरच्या ट्यूबच्या सोलर हीटरमध्ये असते. बाहेर कडाक्याचा वारा आणि थंडी असली तरी आत 200 अंशांच्या वर तापते, हे तिचे खरे बळ आहे. पण आतील तसराळे मनगटाएवढे अरुंद असते, एका वेळी एका माणसाचे जेमतेम होते, आणि तापलेल्या नळीत थंड पाणी गेले तर काच तडकते. घोड्यावरच्या बिऱ्हाडात ती टिकणार नाही.

चालत्या दिवसांसाठी मी 'सराई' कुकर सुचवेन. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, तो विकसित केला. उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याच्या त्यांच्या कामाला 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. सराईच्या खालच्या जाळीत सुमारे शंभर ग्रॅम कोळसा पेटवायचा, थोडे पाणी घालायचे आणि एकावर एक ठेवलेल्या डब्यांमध्ये डाळ, भात, भाजी लावायची. तासाभरात वाफेवर चार-पाच माणसांचे जेवण तयार होते आणि नंतरही बराच वेळ गरम राहते. एकदा लावला की पुन्हा पाहावे लागत नाही, त्यामुळे बायका त्या वेळात पाल उभारू शकतात. मात्र कोळशाची कोणतीही शेगडी बंद खोलीत किंवा सर्व बाजूंनी झाकलेल्या पालात पेटवू नये. धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि झोपेत माणूस जातो. तुमच्या आईंनाही हे सांगून ठेवा.

---

ऊनसावली

तुमच्या आईंना सांगा की मध्यम आकाराची रताळी हिवाळ्यात दोन तासांत आणि मार्च-एप्रिलमध्ये दीड तासात होतात.

सकाळ-संध्याकाळविषयी लिहिते. चहा आणि भाकरी गॅसवरच राहू द्यावी. पण त्यासाठी मोठ्या टाकीची गरज नाही. भरलेली मोठी टाकी तीस किलोच्या घरात जाते. पाच किलो गॅसची लहान टाकी, जी इंडियन ऑइल 'छोटू' नावाने देते, ओढ्यापलीकडे नेणे चुलत्यांनाही त्या मानाने सोपे जाईल. वरण-भाताचा आणि कडधान्याचा मोठा जाळ उन्हाने उचलला की भाकरीपुरता गॅस बराच पुरतो.

रात्रीच्या जेवणासाठी दोन मार्ग आहेत. दुपारच्या पेटीतला डबा काढून झाकून ठेवायचा आणि रात्री खायचा, असे अनेक घरांत चालते; यात एक काळजी घ्यावी लागते. शिजलेले अन्न, विशेषतः भात, कोमट अवस्थेत चार-पाच तास राहिले तर त्यात जंतू वाढतात आणि काहींचे विष पुन्हा तापवूनही जात नाही. अन्न 60 अंशांच्या वर राहिले तर ही भीती नसते. म्हणून रात्रीसाठी भात ठेवू नये, तो ताजा लावावा किंवा भाकरीवर भागवावे. उसळ किंवा आमटी ठेवायची असेल तर तीनच्या सुमारास पेटीतून उकळती काढून लगेच उष्णपेटीत ठेवावी.

उष्णपेटी घरीच करता येते. मोठा पत्र्याचा डबा किंवा लाकडी खोके घ्यावे, तळाशी आणि बाजूंना चार बोटे जाडीचा वाळलेला भुसा किंवा जुन्या गोधडीच्या घड्या दाबून भराव्यात, मध्ये भांडे बसेल एवढीच पोकळी ठेवावी आणि वर भुसा भरलेली उशी घट्ट बसवावी. भांडे जितके भरलेले, तितकी उष्णता अधिक टिकते. अर्धे रिकामे भांडे लवकर निवते. खाण्याआधी गॅसवर एक खळखळून उकळी द्यावी. दुसरा मार्ग ढगाळ दिवसांसाठी आहे: रात्रभर भिजवलेली मटकी किंवा मूग गॅसवर दहा मिनिटे उकळून त्याच उष्णपेटीत ठेवले की दोन-तीन तासांत आपोआप मऊ होतात. गॅस दहा मिनिटांचाच जळतो.

फोडणीचे आमच्या घरी असे आहे की कढल्यात तेल, मोहरी, लसूण आणि तिखट तयार करून ते पेटीतून काढलेल्या वरणावर ओतायचे. एका कढल्याला दोन मिनिटे गॅस पुरतो आणि चवीत काहीही कमी पडत नाही.

पेटीच्या निगेबद्दल राहिले होते. माळावर धूळ फार असते, तेव्हा काच रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या फडक्याने कोरडी करावी, पण सकाळी, काच थंड असताना. तापलेल्या काचेला पाणी लावू नये. आरसा सुती कापडानेच पुसावा, राखेने किंवा काथ्याने घासला तर त्यावर ओरखडे पडून चमक जाते. दोन काचांमध्ये सकाळी ओल दिसू लागली तर कडेचे रबर सुटले आहे असे समजावे आणि ते बदलावे. तसेच चालू ठेवले तर काचलोकर भिजते आणि भिजलेल्या काचलोकरीची पेटी तापत नाही. मृगाला आई आणि चुलते गावात परततील तेव्हा पेटी कोरड्या दिवशी दोन तास उघडी तापवून, आरशाचे झाकण लावून, घरात जमिनीपासून उंच ठेवावी आणि डब्यांची झाकणे थोडी उघडी ठेवावीत, म्हणजे दिवाळीला ती पुन्हा तशीच वापरता येईल.